सही माझी, ठराव कोणाचा?

(हिवरे बाजार येथे भरलेल्या युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)

 

सकाळपासून आपण हे गाव पायी फिरतो आहोत. डोंगरावरचे सलग समतल चर पाहिले, बंधारे पाहिले, विहिरी पाहिल्या. पण तुमचे सगळ्यांचे मोबाईल एकाच ठिकाणी बाहेर आले. मशिदीसमोर. गावात मुसलमानांचं घर एकच, आणि त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधून दिली, हे ऐकल्यावर फोटो काढावासा वाटणं साहजिक आहे. मीही पहिल्यांदा आलो होतो तेव्हा काढला होता.

फोटो काढून झाल्यावर तुमच्यातला एक जण माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, इथे आपला एकही सदस्य नाही, नगरसेवक नाही, आमदार तर नाहीच. तरी मशीद आहे. आमच्या वॉर्डात आपला नगरसेवक आहे, आणि कब्रस्तानात नळाला पाणी नाही. मग आपला माणूस निवडून आणायचा कशाला?"

मी आज दुसऱ्याच विषयावर बोलणार होतो. टिपणंही काढली होती. ती खिशात ठेवली. हाच प्रश्न घेऊ.

आधी आकडे सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत, जवळपास एक कोटी तीस लाख. विधानसभेच्या जागा 288. लोकसंख्येच्या हिशोबाने 33 आमदार व्हायला हवेत. 2024 मध्ये निवडून आले 10. त्यात बाई एक. लोकसभेच्या 48 जागांपैकी 2019 मध्ये एक मुसलमान खासदार होता, 2024 मध्ये एकही नाही. त्या लोकसभेला ज्या महाविकास आघाडीला आपल्या मोहल्ल्यांनी रांगा लावून मतं दिली, तिने राज्यात एकाही मुसलमानाला उमेदवारी दिली नव्हती.

हे चूक आहे. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. "मुसलमान उमेदवार चालत नाही" असं पक्षाच्या बैठकीत सांगितलं जातं, तेव्हा तो आपल्या नागरिकत्वावरचा शेरा असतो. म्हणून प्रतिनिधित्व मागायचं नाही, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो की 10 चे 33 झाले तरी तुमच्या कब्रस्तानात पाणी येईलच, असं नाही. हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. मी स्वतः "आपला माणूस" होतो.

2012 ची गोष्ट. आमच्या गावात आपली चाळीस-पंचेचाळीस घरं. वॉर्डातली एक जागा इतर मागास प्रवर्गासाठी राखीव झाली. आम्ही बागवान, म्हणजे ओबीसी. मुसलमानांमधल्या मागास जातींना ते दाखले सहज मिळाले नाहीत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींसारख्या माणसांनी गावोगाव फिरून ती चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर आले, आणि 1994 मध्ये शासनाचा निर्णय निघाला. त्या कष्टाचं फळ माझ्या ताटात आयतं पडलं. गावातल्या पॅनलचे पुढारी आमच्या अब्बांकडे आले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्यातला एक पोरगा द्या." माझ्यापुढे अर्ज आला, मी सही केली. निवडून आलो. हार घातले, गुलाल उधळला, तालुक्याच्या पेपरात फोटो आला. मोहल्ल्यात मिठाई वाटली. अम्मीने दोन रकात शुकराना नमाज पढली.

पाच वर्षं मी सदस्य होतो. मासिक सभेची नोटीस कधी यायची, कधी यायची नाही. पण प्रोसिडिंग बुक मात्र न चुकता यायचं. शिपाई माझ्या फळांच्या गाड्यावर ते घेऊन यायचा, "मेंबर, इथं सही." मी हात पुसायचो आणि सही करायचो. सही करताना मोठं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू! ईदला पुढारी घरी यायचे, शिरखुर्मा प्यायचे, फोटो व्हायचा. पंधरा ऑगस्टला मला पहिल्या रांगेत खुर्ची असायची. बाहेरून कोणी पाहुणा आला की सांगायचे, "आमच्या गावात भेदभाव नाही, हे बघा आमचे मुस्लिम सदस्य."

आमच्या कब्रस्तानाच्या वाटेत ओढा आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की जनाजा गुडघाभर पाण्यातून न्यावा लागायचा. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी दादी गेली. चार खांदेकऱ्यांमध्ये मी होतो. मधोमध एकाचा पाय घसरला. जनाजा पडला नाही, पण तिरका झाला. तो क्षण मी विसरू शकत नाही.

दफनविधी करून आलो आणि दोन दिवसांनी, आयुष्यात पहिल्यांदा, ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग बुक मागितलं. उघडून वाचलं. त्या वर्षीच्या पैशातून गावाच्या वेशीवर कमान बांधायचं ठरलं होतं. विषय "ऐनवेळचा" म्हणून आलेला. खाली लिहिलं होतं, सूचक अमुक. अनुमोदक... आणि पुढे माझं नाव. खाली माझी सही.

मी माझ्या दादीच्या रस्त्याऐवजी कमानीला अनुमोदन दिलं होतं. मला माहीतही नव्हतं.

घरी येऊन मी खूप संतापलो. त्यांना शिव्या दिल्या. अब्बा ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "बेटा, त्यांनी फसवलं खरं. पण तू वाचलं का नाहीस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला वाटत होतं, मी खुर्चीवर बसलोय म्हणजे मोहल्ला खुर्चीवर बसलाय. प्रत्यक्षात विषय दुसरे ठरवत होते, ठराव दुसरे लिहीत होते, आणि मी त्यावर उमटणारा एक शिक्का होतो.

हे फक्त माझ्या गावात घडलं असतं तर त्यावर भाषण करायची गरज नव्हती. आता जरा वर चढून पाहू.

1992-93 च्या मुंबई दंगलीत 900 माणसं मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये अहवाल दिला, 31 पोलिसांवर ठपका ठेवला. 1999 ते 2014 अशी सलग पंधरा वर्षं राज्यात ज्यांचं सरकार होतं, त्यांनी अहवालाच्या अंमलबजावणीचं वचन देऊन आपली मतं घेतली होती. त्या मंत्रिमंडळांत मुसलमान मंत्री होते. अहवाल मात्र बहुतांशी कपाटातच राहिला. त्याच काळात, सप्टेंबर 2006 मध्ये, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले मुसलमान आणि पकडलेही नऊ मुसलमान. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपातून मुक्त केलं. त्यातला एक जण तोवर हयात नव्हता. मालेगावचा आमदार तेव्हाही मुसलमान होता. गृहखात्याची फाईल ज्यांच्या टेबलावर फिरत होती, त्या टेबलापर्यंत आपल्या चेहऱ्यांचा हात पोहोचत नव्हता, किंवा पोहोचवण्याची त्यांची हिंमत नव्हती.

दुसरं उदाहरण तुमच्या वयाचं आहे. पाच टक्के आरक्षण. 2008 मध्ये महमूद-उर-रहमान समिती नेमली गेली, 2013 मध्ये अहवाल आला. निवडणूक तोंडावर आल्यावर जुलै 2014 मध्ये अध्यादेश निघाला, मराठा समाजाला 16 टक्के आणि मुसलमानांमधल्या मागास गटांना 5 टक्के. नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, आणि आपलं शिक्षणातलं पाच टक्के मात्र चालू ठेवायला हरकत नाही, असं म्हटलं. म्हणजे कोर्टात आपण तगलो! पुढे काय झालं? सरकार बदललं होतं. डिसेंबरमध्ये विधिमंडळात कायदा आला तो फक्त मराठा आरक्षणाचा. आपला अध्यादेश मुदत संपून गेला. फेब्रुवारी 2020 मध्ये, दुसऱ्या सरकारमध्ये, अल्पसंख्याक मंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं की पाच टक्के शैक्षणिक आरक्षणाचा कायदा आणू. मंत्री मुसलमान. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. ते सरकार जून 2022 पर्यंत होतं. कायदा आला नाही. घोषणा आपल्या माणसाच्या तोंडून झाली. मंत्रिमंडळाची विषयपत्रिका मात्र त्याच्या हातात नव्हती.

यात त्या मंत्र्यांना एकट्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. गाड्यावर सही करणारा मी, त्यांना कोणत्या तोंडाने बोलू? प्रश्न जागेच्या रचनेचा आहे. तुम्हाला त्या जागेवर कोणी बसवलं? उठवू कोण शकतं? ज्याने बसवलं त्याचीच भीती माणसाला वाटते, आणि हिशोबही त्यालाच द्यावा लागतो.

बाबासाहेब आंबेडकरांना हे आपल्या कितीतरी आधी कळलं होतं. 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार आठवा. ब्रिटिशांनी अस्पृश्य समाजाला प्रांतांच्या विधिमंडळांत विभक्त मतदारसंघातून 71 जागा देऊ केल्या होत्या. गांधीजींच्या उपोषणानंतर करार झाला आणि राखीव जागा झाल्या 148, पण संयुक्त मतदारसंघातून. आकडा दुपटीच्या वर गेला. मग बाबासाहेब आयुष्यभर या कराराबद्दल असमाधानी का राहिले? कारण माणूस दलितांचा असेल, पण त्याला निवडणारे हात बहुसंख्यांचे असतील, हे त्यांना दिसत होतं. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब हरले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर जिंकले. काजरोळकरही अनुसूचित जातीचेच होते. कागदावर प्रतिनिधित्व शंभर टक्के झालं. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष मात्र घरी राहिला. 1982 मध्ये, कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, कांशीराम यांनी याच दुखण्यावर 'द चमचा एज' हे पुस्तक काढलं. नाव कडू आहे, पण ते मी स्वतःला लावून पाहिलेलं आहे.

मी विभक्त मतदारसंघ मागत नाही, कोणी मागू नये. 1909 पासून मुसलमानांना ते होते, आणि त्यांनी या देशाच्या फाळणीत भर घातली. मे 1949 मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही सोडून दिल्या, आणि बेगम ऐजाज रसूल यांच्यासारख्या मुसलमान सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचा भरवसा होता की नागरिक म्हणून आपण सगळ्यांबरोबर उभे राहू. तो भरवसा मला आजही मोलाचा वाटतो. पण भरवशावर राहून वही न वाचणं हे माझ्यासारख्याचं काम, तुमचं नसावं.

जगात हा प्रश्न आपल्यालाच पडलाय असं नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा काळा मुलगा मेला. गावात दोन तृतीयांश वस्ती काळ्यांची, महापौर गोरा, सहा नगरसेवकांत काळा एक, आणि पोलीस जवळपास सगळे गोरे. सगळे म्हणाले, यांना प्रतिनिधित्व हवं. बरोबरच होतं. आठ महिन्यांनी, एप्रिल 2015 मध्ये, बाल्टिमोर शहरात पोलिसांच्या ताब्यात फ्रेडी ग्रे मेला. तिथे महापौर काळ्या होत्या, पोलीस आयुक्त काळे होते, आणि देशाचा राष्ट्राध्यक्षही काळा होता. ज्या सहा पोलिसांवर खटले भरले त्यातले तीन काळेच होते, आणि शिक्षा एकालाही झाली नाही. फर्ग्युसनला चेहरे नव्हते, बाल्टिमोरला होते. गरीब काळ्या मुलाच्या मानेवरचा हात दोन्हीकडे सारखाच.

अमेरिका लांब वाटत असेल तर जालन्याला चला. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी काढा, सर्वांत जास्त नावं मराठा समाजाची निघतील. साखर कारखाने, जिल्हा बँका, शिक्षण संस्था, सगळीकडे त्यांची माणसं. असं असताना 2023 मध्ये अंतरवाली सराटीत उपोषणाला बसायची वेळ कोणावर आली? मराठवाड्यातल्या कोरडवाहू मराठा शेतकऱ्याच्या पोरांवर. खुर्चीवर आपल्या जातीचा माणूस बसला म्हणून आपल्या घरात फी भरली जात नाही, हे त्या पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळलं. त्यांच्या मागणीशी सहमत असा वा नसा, त्यांचं हे दुखणं समजून घ्या. ते आपल्या दुखण्याचं सख्खं भावंड आहे.

आता कोणी म्हणेल, मग आपला माणूस आणि सत्ता हे दोन्ही कधी एकत्र आलंच नाही का? आलं. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले, या राज्याचे आजवरचे एकमेव मुसलमान मुख्यमंत्री. त्यांनी काय केलं? संजय गांधी निराधार योजना आणली. आजही तुमच्या-माझ्या गावात विधवा, अपंग, निराधार माणसाच्या खात्यावर जे पैसे येतात, ते त्या योजनेचे. त्यात हिंदू-मुसलमान असा रकाना नाही. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यांच्याच काळात झाले. त्यांच्या हातात पेन होतं आणि ते त्यांनी चालवलं. पण त्यांना बसवणारा हात दिल्लीत होता, पायाखाली स्वतःची अशी पक्की जमीन नव्हती. सिमेंट प्रकरणात न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी 1982 मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

आता परत हिवरे बाजारला येऊ. सकाळच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे, पण ते मशिदीत शोधू नका. विहिरीत शोधा.

हे गाव अवर्षणाच्या पट्ट्यातलं. 1972 च्या दुष्काळानंतर इथली माणसं मजुरीला मुंबई-पुण्याकडे निघून गेली होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हापासून गाव पालटायला लागलं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, झाड तोडायचं नाही, रानात मोकाट चराई नाही, दारू नाही, आणि श्रमदानाला यायचं. दर वर्षी पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून यंदा कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. नियम मोठ्या बागायतदाराला आहे, तोच दोन एकरवाल्याला आहे. त्या एका मुसलमान घराला इथे काय मिळालं, तर सगळ्यांच्या देखत मोजलेल्या पाण्यातला वाटा. तो कोणाच्या मर्जीवर नाही, ताळेबंदावर आहे. मशीद ही या गावाची माया आहे, आणि मी तिच्यापुढे मनापासून मान झुकवतो. पण मायेचा हिशोब मागता येत नाही. पाण्याचा मागता येतो.

आपण पाहुणे आहोत, तरी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या गावात तीस वर्षं ग्रामपंचायत बिनविरोध व्हायची. 2021 मध्ये प्रथमच मतदान झालं आणि पवारांचंच पॅनल सगळ्या जागांवर निवडून आलं. काही जण म्हणाले, गावाची एकी मोडली. मला वाटतं, चांगलं झालं. ज्या गावात नाही म्हणायची सोय असते, तिथल्या होकाराला किंमत असते. आणि एकट्या घराला तर ती सोय सगळ्यांत जास्त लागते.

ती का लागते, हे पाहायचं असेल तर याच जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात मढीला जा. कानिफनाथांची यात्रा, गाढवांचा बाजार, भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायती, सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं ठिकाण. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या, खेळणी, रेवड्या विकणारी माणसं. प्रशासनाने तो ठराव रद्द केला, कारण तो संविधानात बसत नव्हता. कागदावरचा ठराव रद्द झाला. गिऱ्हाइकाच्या मनातला होतो का, हे त्या बांगडीवाल्यालाच ठाऊक.

एका जिल्ह्यातल्या दोन ग्रामसभा. एकीने मशीद दिली, दुसरीने दुकान नाकारलं. आपण पहिलीचा फोटो काढतो आणि दुसरीचा निषेध करतो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, ती मला झोपू देत नाही. दोन्हीकडे आपल्याबद्दलचा निर्णय दुसऱ्यांनी घेतला. एकीकडे माणसं चांगली भेटली, एकीकडे नाही. मला माझ्या पोरांचं आयुष्य माणसं चांगली भेटण्याच्या नशिबावर सोडायचं नाही. मढीत नशीब आडवं आलं तेव्हा मदतीला आला तो कायदा. तिथे आपला आमदार नव्हता, तरी संविधान होतं, आणि ते वापरणारा अधिकारी होता. सत्ता म्हणतात ती ही. ती वापरायला शिकायची असते.

माझी गोष्ट मी अर्धी सोडली होती. 2017 मध्ये माझी मुदत संपली, जागा दुसऱ्या प्रवर्गाला गेली. मी साधा माणूस झालो. मग मोहल्ल्यातल्या आम्ही काही जणांनी ठरवलं, ओढ्याचा विषय विषयपत्रिकेवर आणायचाच. बौद्ध वस्तीतली मंडळी म्हणाली, "अरे, आमची स्मशानभूमीची वाट त्याच ओढ्यातून जाते." इतकी वर्षं आम्ही एकाच पाण्यातून वेगवेगळे चाललो होतो! ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. आमच्याकडे ती कागदावरच व्हायची. दोन्ही वस्त्यांतल्या साठ-पासष्ट बाया त्या सभेला जाऊन बसल्या. माझी बायको, जी मी सदस्य असताना कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, तिने लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. दफनभूमी-दहनभूमी आणि तिथला रस्ता यांसाठी जनसुविधा योजनेतून निधी मिळतो, हे आम्ही शोधून काढलं होतं. ठराव आमच्या शब्दांत लिहून नेला, आणि वहीत तसाच उतरेपर्यंत कोणी उठलं नाही. पुढे दोन वर्षं पंचायत समिती, जिल्हा परिषद असे हेलपाटे घातले. आज त्या ओढ्यावर सिमेंटच्या नळ्यांची मोरी आहे. कब्रस्तानाची भिंत अजून व्हायची आहे. त्याचा अर्ज पडून आहे, हेही सांगतो.

सदस्य असताना मला जे जमलं नाही, ते सदस्य नसताना जमलं. पण याचा अर्थ जागा नको असा लावू नका. आमचा त्या वेळी आत एक तरी वही वाचणारा माणूस असता, तर दोन वर्षांचं काम सहा महिन्यांत झालं असतं. आधी पाठीशी वस्ती उभी करा, मग माणूस आत पाठवा. आम्ही उलटं केलं होतं.

आणि हा आरसा आपल्याकडेही फिरवू. आपले चेहरे मोजताना आपण कोणाचे चेहरे मोजतो? फकीर, पिंजारी, छप्परबंद, शिकलगार यांच्यातला कोणी आपल्या शिष्टमंडळात असतो का? गावोगावच्या मशीद-दर्ग्यांच्या ट्रस्टवर तर सगळे आपलेच आहेत ना? मग वर्षाचा हिशोब जुम्याला फळ्यावर लागतो का? वक्फच्या जमिनी गेल्या त्या सगळ्या दुसऱ्यांनीच नेल्या का? आपल्या पंचायतीत पन्नास टक्के जागांवर बाया आहेत. आपल्या मोहल्ल्यातून निवडून आलेल्या बहिणीच्या जागी सभेला तिचा नवरा बसत असेल, तर माझ्या प्रोसिडिंग बुकात आणि तुमच्या घरात फरक काय?

मुलांनो, घोषणा खूप झाल्या. इथून जाताना एक काम घेऊन जा. तुमच्या गावात पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास बहुतेक ठिकाणी असते. शहरात राहत असाल तर वॉर्डाच्या कामांची यादी मागा. मागच्या वर्षाच्या ठरावांची प्रत माहिती अधिकारात घ्या. ती घेऊन मोहल्ल्यात चार माणसांना, विशेषतः चार बायांना, मोठ्याने वाचून दाखवा. पैसा कुठे गेला ते कळेल. शेजारच्या कोणत्या वस्तीचं दुखणं आपल्यासारखंच आहे, तेही कळेल. मग पुढच्या निवडणुकीत "तुमच्यातला एक पोरगा द्या" म्हणून कोणी दारात आलं, तर हो म्हणा. पण पोरगा देण्याआधी त्यांना विचारा, विषयपत्रिका कोण लिहिणार?

मशिदीचा फोटो घरी दाखवा. जरूर दाखवा, अम्मीला आवडेल. आणि त्यासोबत पाण्याच्या ताळेबंदाच्या फलकाचाही एक फोटो काढून न्या. सकाळी तिथे कोणी थांबलं नव्हतं. ऊन उतरलंय, आता जाऊन या.